ह्यातला कोणता फोटो ठेवायचा?

३ मार्च २००८, सोमवार

आले एकदाची आखाडा बाळापूरला! वसमतहून निघताना आईनं पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली आणि एसटी हलेपर्यंत सूचना देत राहिली. गुलाबचंद सरांचं कॉम्प्युटर सेंटर बाजारातच आहे. वर पत्रे तापतात, पण पंखा बराबर माझ्या डोक्यावर. खोली मागच्या गल्लीत, मिराबाईंकडे. सर म्हणाले, बी.एस्सी. झालेली सपना आली, आता आपलं काम दुप्पट होणार. ऐकून मी हवेतच! इथं आणखी एकच मुलगी आहे, शिला. तांड्यावरून सायकलीनं येते. बारावी पास. म्हटलं, शिकवू तिला हळूहळू.

६ मार्च

काम मजेशीर आहे. परदेशातली एक कंपनी फोटोंचे ढीग पाठवते. सारख्या दिसणाऱ्या दोन फोटोंची जोडी लावून नेटवर विचारायचं, ह्यातला कोणता ठेवायचा? कुठले कुठले तीन अनोळखी लोक उत्तर देतात. आपण ते तपासून मंजूर नाहीतर नामंजूर करायचं. मंजूर झालं की हरलेला फोटो सगळीकडून पुसला जातो. चोवीस तासांत कुणी तपासलंच न्हाई, तर उत्तर आपोआप मंजूर. मग ते फिरवायला पाच दिवस मिळतात, त्यानंतर देवालाही न्हाई, असं शिला हसून म्हणाली.

हे सगळं एका चिमुकल्या कोड लायब्ररीवर, म्हणजे आयत्या वापरायच्या कोडच्या गाठोड्यावर चालतं. दोन ओळी लिहिल्या की काम गेलं, आणखी दोन लिहिल्या की उत्तरं आली. इतकं नेटकं कोड मी कॉलेजात पाहिलं न्हाई. सरांना विचारलं, कुणी लिहिलं? म्हणे, शिलानं.

बारावी पास!

११ मार्च

जळते मी तिच्यावर. लिहूनच टाकते, इथं कोण वाचायला येतंय. सर माझ्या टेबलाशी येतात ते शिला कुठंय विचारायला. मिराबाईंनी आज ताकाचा तांब्या पाठवला, तोही शिलासाठी. घरभाडं मी देते, बाई! वरून ही बया एवढी गोड, की नीट भांडताही येत न्हाई. डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढं ठेवते. माझी डिग्री काय चुलीत घालायची?

१५ मार्च, शनिवार

मी आज एक येडेपणा केला. नोकरीच्या अर्जावरचे आमच्या दोघींचे फोटो घेतले, जोडी लावली आणि पाठवून दिली. ह्यातला कोणता ठेवायचा? त्या तिघांना ना तिचं कोड माहीत, ना माझी डिग्री. नुसता चेहरा. म्हटलं, एकदा तरी मी जिंकते का बघू.

तिघांनीही शिला निवडली. तिघांनीही!

डोळ्यात पाणी आलं. मशीन तशीच सोडून खोलीवर आले. उद्या सुट्टी आहे. खड्ड्यात गेलं ते सेंटर.

१७ मार्च

उत्तर काल दुपारी बारालाच आपोआप मंजूर झालं. अर्जावर माझ्या फोटोच्या जागी पांढरा चौकोन आहे. हजेरीत माझं नाव न्हाई. खाडाखोडही न्हाई. सरांनी विचारलं, कोण पाहिजे तुमाला? मस्करी वाटली. ते हसले न्हाईत.

१८ मार्च

मिराबाई म्हणाल्या, ही खोली तर वर्षभर रिकामी आहे. माझी पेटी तिथं न्हाई. शिलानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कोणत्या क्लाससाठी आलात विचारलं. अहोजाहो करून! तिचा गोडवा आता सहन होत न्हाई.

१९ मार्च

माझा पासवर्ड चालत न्हाई. उत्तर फिरवायचं तर शिलाच्याच मशीनवरून. मुदत २१ च्या दुपारी बारापर्यंत. वेबकॅमसमोर बसले. पडद्यावर नुसती खुर्ची—

२० मार्च

आईला फोन लावला. म्हटलं, मी सपना. आई म्हणाली, कोण सपना? माझी एकच पोरगी, शिला, बाळापूरला कॉम्प्युटरवर असते. तुमी तिच्या मैत्रीण का? जेवते का वं ती येळेवर?

माझी आई. माझी. सगळं घे गं शिले, सर घे, खोली घे— आई न्हाई—

२१ मार्च, पावणेबारा

शिलाला सगळं सांगितलं. पटेना, म्हणून ही वही तिच्या हातात दिली. वाचता वाचता शिला रडायला लागली. म्हणाली, तिची आई जमनाबाई ती चार वर्षांची असताना गेली. सोमवारपासून वसमतची कुणी बाई रोज फोन करते, लेकरा म्हणते, ते काहून हे आता कळलं.

वही परत दिली. मशीनवर बसली. माझी जोडी सापडली. बाण 'नामंजूर'वर नेला. पोरगी खरंच चांगली आहे. मी उगाच—

फोन वाजला.

तिनं डाव्या हातानं उचलला. आईचा आवाज इथवर येतो— जेवलीस का, लेकरा—

शिला, दाब ना. बाराला दोन मिनिटं. शिला, आधी बटण—

ती म्हणाली, व्हय माय, जेवले.

माझ्याकडं बघत न्हाई. माऊसवरचा हात उचलला— फोन आता दोन्ही हातांनी धरलाय, छातीशी— माय, बोल ना अजून, म्हणते—

शिला ती माझी आ