घरगाडीतले आठ दिवस

९ फेब्रुवारी, रविवार

निघालो एकदाचे! विट्यातून बाहेर पडताना चौकात एकानं विचारलं, "काकी, ॲम्ब्युलन्स कुणाला न्यायला आलीय?" हे हसले. मीही हसले. गाडी आहेच तशी, पांढरी आणि लांबुडकी. यांनी कोल्हापुरातून बांधून आणली. आत पलंग, गॅस, बेसिन, एवढुसा संडाससुद्धा. पहिली खेप जवळच, सागरेश्वरच्या जंगलाला लागून. जमलं तर मग कोकण. त्याहून जमलं तर राजस्थान!

लग्नाला तीस वर्षं झाली. हे कोईमतूरला सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात, मी विट्यात सासू-सासऱ्यांपाशी. वर्षाकाठी पंधरा दिवस यायचे. सगळे दिवस एकाला एक जोडले तर आमचा संसार सव्वा वर्षाचा भरेल. गेल्या जुलैत दुकान पुतण्याच्या हवाली करून कायमचे आले. उंबऱ्यातच म्हणाले, "माया, आता तुला सोडून कुटं जायाचं न्हाई."

तेव्हापासून मी हवेत आहे. बावन्नाव्या वर्षी!

१० फेब्रुवारी

वीरधवल म्हणून एक द्राक्षबागायतदार आहे. जंगलाच्या कुंपणाअलीकडं त्यानं अशा गाड्यांसाठी जागा केलीय. पाणी आहे, वीज आहे, वर झाडांची सावली. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला वायनरीला जाणारी त्याची द्राक्षं. शांतता इतकी की पान पडलेलं ऐकू येतं. सकाळी कुंपणापलीकडं चितळांचा कळप उभा होता. आमच्याकडं बघत. आम्ही त्यांच्याकडं बघत.

यांनी पिशवीतून स्टीलचा फिल्टर काढला आणि कॉफी केली. दोन भांडी घेऊन वरून खाली, वरून खाली — फेस येईपर्यंत. मी बघतच राहिले. हे कॉफी पितात हेच मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं माझ्या हातचा चहा मुकाट्यानं प्यायले.

११ फेब्रुवारी

मोर दिसला. हे माझा हात धरून चालले. बागेतल्या लोकांसमोर! लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

दुपारी हे झोपेत बोलले. तमिळमध्ये. लांबलचक, कुणाची तरी समजूत काढल्यासारखं. मला एक अक्षर कळलं नाही. मी शेजारी बसून वारा घालत होते. हात थांबला.

यांच्या मोबाइलला इथं रेंज नाही, म्हणून माझा घेऊन बागेच्या टोकाला जातात. आज लांबून त्यांचं हसणं ऐकलं. मोकळं, पोटातून. असं हसणं आमच्या घरात कधी झालंच नाही. "कोण होतं?" म्हटलं. "दुकानातलं पोरगं," म्हणाले.

१३ फेब्रुवारी

हे अंघोळीला गेलेले. माझा फोन वाजला. उचलला तर मुलीचा आवाज — "अप्पा?"

मी म्हटलं, "कोण?" तेवढ्यात हे पंचा गुंडाळून ओल्या अंगानं धावत आले आणि फोन माझ्या हातातून घेतला. घेतला कसला, ओढला.

दिवसभर एकमेकांशी बोललो नाही. गाडी सहा पावलांची. जायचं कुठं?

१४ फेब्रुवारी

आज सांगितलं. मी विचारलं नव्हतं, नुसती समोर बसले होते. चितळं आली, गेली. मग यांनी खाली मान घालून सुरुवात केली.

"मेसमदी सैपाक करायची. सेल्वी. मला टायफॉइड झाला तवा तिनंच केलं समदं." मग म्हणाले, "एक पोरगी हाय. कयल. एकोणिसावं लागलं तिला."

टायफॉइड! तेव्हा मी येते म्हणाले होते. पिशवी भरलेली होती. "उकाडा लय हाय हितं, तुला सोसायचा न्हाई," असा निरोप आला होता.

"आन ती बाई?" मी विचारलं.

"गेली. जूनमदी. कॅन्सर हुता."

जून. आणि हे आले जुलैत. मला बाकी काही ऐकू येईना. उंबऱ्यातलं ते वाक्य, पंचारतीचं ताट, मी नेसलेली हिरवी साडी, शेजारणीला केलेला फोन — सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि लाज वाटली. यांची नाही. माझी.

"ती असती तर तुमी आला असता?"

"न्हाई," म्हणाले.

खोटं बोलायचं होतं ना!

१५ फेब्रुवारी

सकाळी म्हटलं, मला विट्याला सोडा. "सोडतो," म्हणाले आणि किल्ली घेऊन पुढं बसले. मग मीच म्हटलं, राहू दे. घरी जाऊन काय सांगू? विश्वजीत पुण्याहून फोन करून विचारणार, "आई, मजा येतीय का?" लेकाला बापाचं हे कोणत्या तोंडानं सांगू?

सासऱ्यांना शेवटचे आठ महिने मी उचलून बसवत होते. विश्वजीत दहावीला पहिला आला, पेढे मी एकटीनं वाटले. बायका म्हणायच्या, "गलाईवाल्याची बायको, तुला काय कमी?" मीही म्हणायची, काय कमी! माणूस लांब आहे, पण माझा आहे. ह्या एका वाक्यावर तीस वर्षं काढली.

दुपारी वीरधवल द्राक्षांची पाटी घेऊन आला. "काकी, तुमा दोगांस्नी बघून लय बरं वाटतंय. आमच्या आई-वडलांस्नी असं फिराया कदी मिळालंच न्हाई."

हे उठून जंगलाकडं गेले. मी द्राक्षं धुतली.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे बागेत गेले तसा मी तो नंबर लावला. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं — मी कोण, तुझी आई माझी कोण, तुझ्या बापानं काय केलं. रिंग वाजायला लागली तेव्हा ध्यानात आलं, आपल्याला तमिळ कुठं येतं?

पण पोरगी मराठीत बोलली. आमच्या विट्याच्या मराठीत! घाईघाईनं, रडवेली —

"आत्या? अप्पा म्हनलं हुतं, ह्यो नंबर विट्याच्या आत्याचा हाय म्हनून. ल्हानपनापासनं अप्पांकडनं तुमचं ऐकतीय. त्या दिवशी मी घाबरून बोलले न्हाई. आत्या, हितं आता माजं कुनीच न्हाई. मी तिकडं यू का?"

आत्या. म्हणजे तिथं मी यांची बहीण होते. इतकी वर्षं.

"ये," म्हटलं. कोण म्हणून बोलावते आहे, ते सांगितलं नाही.