ब्रीदरची नळी

४ फेब्रु.
गाडी पुन्हा तेल फेकतेय. चाळीच्या अंगणात डाग. वरचे परब तक्रार करून गेले. चालू केली की तेल मोजायची डिपस्टिक आपोआप वर येते. समोरचा मेकॅनिक म्हणाला, बॅक कॉम्प्रेशन मारतेय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. नितीनला फोन केला. म्हणे, आई, गिऱ्हाईक आहे, देऊन टाक. ही पद्मिनी ह्यांनी एकेक भाग जमवून स्वतः उभी केली. मुलाला काय सांगू.

६ फेब्रु.
ह्यांचा दिवस वाईट. दोनदा विचारलं, कोण तुम्ही. पहिल्यांदा नाव सांगितलं. दुसऱ्यांदा सांगवेना. डॉ. म्हणतात, विसरणं वाढत जाणार, वाद घालू नका. वाद कुठला. चव्वेचाळीस वर्षांचा संसार.

७ फेब्रु.
ह्यांना खाली उन्हात खुर्चीवर बसवलं, गाडी चालू केली. लालबागला जन्मभर गॅरेज चालवलेला माणूस. आवाज ऐकून उठूनच उभे राहिले. तेलाचं झाकण काढायला लावलं. भकाभका धूर. त्यावर तळहात धरून म्हणाले, "बाई, इंजिन नका खोलू. आधी ब्रीदर बघा. आतल्या हवेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती तेलाला ढकलते."
दिवाळीनंतर इतकं सलग पहिल्यांदाच बोलले.
बाई म्हणाले. गिऱ्हाइकाला म्हणायचे तसं.

९ फेब्रु.
ब्रीदरची नळी काढली. हे खुर्चीवरून सांगत होते, क्लिप सैल करा, ओढू नका, पिळून काढा. बाहेरून धड, आत डांबरासारखा गाळ. सळई जाईना. तोंडाची जाळीही बुजलेली. ती पेट्रोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासली.
मध्येच त्यांनी विचारलं, "तुमचे मिस्टर नाही का येत?"
"येतात कधीकधी."
तोंडून निघूनच गेलं. मग मी मान खाली घालून जाळी घासत राहिले. त्यांना दिसू नये म्हणून.

११ फेब्रु.
ऑपेरा हाउसहून नवी नळी आणली. दुकानदार साधी रबराची देत होता. ती तेलाने फुगते, ह्यांनी बजावलं होतं. घरी बसवली. गाडी चालू करून ह्यांनी झाकणाच्या जागी कागद धरायला सांगितला. उडाला नाही, तोंडाला चिकटला. "रिंगा चांगल्या आहेत," म्हणाले आणि हसले. माझ्याकडे बघून. किती महिन्यांनी…
नितीनला कळवलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक रविवारी येतंय.

१४ फेब्रु.
ह्यांना घेऊन वरळीपर्यंत गेले. गाडी चालवायला ह्यांनीच शिकवलं, लग्नानंतर. धूर नाही, वास नाही. हे समुद्राकडे बघत बसले होते, खुशीत. परत वळताना हळूच म्हणाले, "बाई, गाडी झाली तुमची. आता मला सोडा. घरी बायको जेवायची थांबली असेल."
कुठे सोडू, विचारलं.
"परळला, चाळीत. तिला मी सांगून नाही आलो."
सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न मारत होते. पाय क्लचवरून उचलेना.

१५ फेब्रु., रविवार
गिऱ्हाईक येऊन गेलं. गाडी आवडली. उद्या सांगते म्हटलं. नितीन चिडला, आणि त्याचंही खोटं नाही. ह्यांचं करून वर गाडीचं मला एकटीला झेपत नाही हे त्याला दिसतं.
ह्यांनी जेवताना विचारलं, त्या गाडीवाल्या बाई उद्या येणार का.
येतील म्हटलं.