कोपरावरचं पदक

सावुसावू, शनिवार

होड्या बांधणाऱ्यांचे बादशहा, यंगोनाच्या काथवटीत शेवटचा थेंबही न ठेवणारे आमचे मामेभाऊ इलाइतिया यांस,

आतेभाऊ वाइसालेचा एका हाताचा नमस्कार (दुसरा फडक्यात गुंडाळलाय, का ते खाली येईलच). मामीचे गुडघे, तुझी डुकरं, नवी होडी, सगळं खुशाल असेल. आणि कोपराजवळचा तो फिकट चट्टा कसा आहे? नाताळात "हे बघा, खऱ्या पिणाऱ्याचं पदक!" म्हणून गावभर मिरवलास तो.

तर पदकांचीच गोष्ट. यंगोनाच्या मुळ्यांचं ते नशेचं पाणी ढोसून मलाही अंगभर कनिकनी आली होती, कातडी नुसती खवल्याखवल्यांची. पाव घ्यायला आलेल्या पोरी विचारायच्या, "काका, कात कधी टाकताय?" शेवटी लितियानाने (बायको कसली, पोलीस चौकी) काथवट पालथी घातली आणि म्हणाली, "एक तर ही, नाहीतर मी." मी तिलाच निवडलं. जरा विचार करून निवडलं, याचा राग तिला अजून आहे. पिणं सुटलं तशी खवलं गळाली, अंग गुळगुळीत झालं, डाव्या मनगटावरचा एक फिकट डाग तेवढा राहिला. खाजत नाही, दुखत नाही. इतका गुणी डाग मी पाहिला नव्हता, म्हटलं राहू दे आठवण. मग तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी भट्टीतून पावाचा पत्रा काढताना मांस भाजल्याचा वास आला. मी खेकसलो, "अगं, माझ्या भट्टीत डुक्कर कोणी घातलं?" लितियाना माझ्या हाताकडे बघून किंचाळली. करंगळी पत्र्याला चिकटली होती. डुक्कर मीच होतो.

दवाखान्यातल्या माकेरेता नर्सने डोळे मिटायला लावले. कापूस लागेल तिथे बोट ठेवायचं. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा म्हटलं, "सुरू कर की, बाई." ती हळूच म्हणाली, "काका, केव्हाची लावतेय." मग तिने कोपराची शीर चाचपली, ती दोरखंडासारखी जाड झालेली, आणि एका रोगाचं नाव घेतलं. पुढे डॉक्टरांनीही तपासून तेच नाव घेतलं : कुष्ठरोग. मला आजीचा भाऊ आठवला, ज्याला बोटीत घालून कुष्ठरोग्यांच्या माकोंगाई बेटावर नेलं आणि ज्याचं पान घरात पुन्हा कधी मांडलं नाही. माकेरेता म्हणाली, "ते दिवस गेले, काका. वर्षभर गोळ्या घ्या, बरे व्हाल. औषध पोटात गेलं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण्याची भीतीही जाते. पण मेलेली शीर गोळीने जिवंत होईलच असं नाही." म्हणजे करंगळी बहुधा अशीच वाकडी राहणार. गोळ्यांनी लघवी लाल होते आणि कातडी काळवंडते. (लितियाना म्हणते, निदान आता एका रंगाचा दिसशील.)

गावाला कळलंय. रविवारी प्रार्थनेला आमच्या लांबलचक बाकावर आम्ही दोघंच. मागून कुजबुज आली (कान अजून शाबूत आहेत), "ह्याच्या पावात बोट सापडलं तर?" मी वळून सांगितलं, "सापडलं तर त्याचे पैसे वेगळे पडतील." कोणी हसलं नाही. लितियानाही नाही. निम्मा पाव हल्ली डुकरांना जातो.

मामीला नमस्कार सांग.

तुझा,
वाइसाले

ता.क. सोबत पाव पाठवलाय. लितियानाने मळलाय, बिनधास्त खा.

दुसरा ता.क. खोटं बोललो. मीच मळलाय, एका हाताने, म्हणून वाकडा आहे. तरीही खा.

तिसरा ता.क., आणि बसलो होतो ते एवढंच लिहायला. माकेरेताने विचारलं, वर्षानुवर्षं तुमच्या अगदी जवळ कोण राहिलंय? लितियानाला तपासलं, ती ठीक आहे. मग मी ऊसतोडीच्या दिवसांतली आपली खोली आणि ती एकच चटई सांगितली. मामीला कोंबडीचं पीस आणायला सांग. डोळे मीट आणि तुझ्या त्या पदकावरून तिला ते फिरवू दे. गुदगुल्या झाल्या तर मला पानभर शिव्या लिहून पाठव, मी भट्टीवर चिकटवीन. नाही झाल्या तर लिहीत बसू नकोस, पहिल्या बोटीने ये. होड्या बांधायला दहाही बोटं लागतात. वाट शिव्यांचीच बघतोय, पण आमच्या बाकावर जागा भरपूर आहे.