अठ्ठावीसशे ऐंशी फेरे

२ डिसेंबर
अहमदपूर. तारामतीच्या गिरणीची मोटार काल जळाली. गिरणी एकोणीस वर्षं तिनं एकटीनं चालवली, मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. आता निवृत्त आहे, मोटार मीच निवडणार. तिचं म्हणणं एवढंच, पहिल्यासारखीच आणा. मोटारींचे प्रकार तिला शांतपणे समजावून सांगितले. तास लागला. तेवढ्यात तिची मेथी निवडून झाली.

३ डिसेंबर
लातूर. दुकानदार शिवशंकर म्हणाला, सर, गिरणीला मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांची नेतेत, ही अठ्ठावीसशे ऐंशीची पंपाला लागती. त्याला फेरे, ताकद, फेज सगळं सांगितलं. त्यानं चहा मागवला. फेरे दुप्पट म्हणजे दळण दुप्पट. शिवाय वजनाला हलकी. घेतली.

५ डिसेंबर
बसवली. नारळ फोडला. वायरमन भागवत म्हणाला, मोटारीची पुली तरी अर्ध्या मापाची बसवा सर, दगड लई पळून राहिलाय. वेग अर्धाच करायचा तर ही मोटार कशाला आणली? त्यानं पान्हे पिशवीत टाकले. तारामतीनं पीठ चिमटीत घेतलं आणि लगेच सोडलं. चटका बसला म्हणे.

९ डिसेंबर
शेजारच्या भामाबाईंनी ज्वारीच्या पिठाचा डबा परत आणला. पीठ जळकं लागतंय, विरी गेली, भाकरी थापतानाच फाटती म्हणाल्या. सर, तुमची भाकरी तव्यावर टाकायला फावडं लागतंय, असंही म्हणाल्या. थापण्याची पद्धत सुधारा, असं सुचवलं.
संकल्प : उद्यापासून दिवसभर मोटारीजवळ बसून निरीक्षण. जेवणही तिथंच.

१४ डिसेंबर
निरीक्षण पाचवा दिवस. आज दळणाचे डबे चार. पूर्वी पन्नास यायचे. थंडीत लोक कमी जेवत असावेत. मागच्या गल्लीत मलप्पाच्या गिरणीवर रांग आहे, पण त्याची मोटार जुनी. किती दिवस टिकणार?
तारामती दुपारभर हातात फडकं घेऊन बसली होती. पुसायला कुठं पीठच उडालेलं नव्हतं.

१७ डिसेंबर
आज भाकरी मऊ. टम्म फुगलेली. मोटार रुळली. थोडा धीर धरायला हवा होता लोकांनी. बघितलंस का, असं तारामतीला विचारलं. ती हाव म्हणाली आणि अजून अर्धी वाढली.

१८ डिसेंबर, सकाळी
सुधारलेल्या पिठाचा नमुना घ्यावा म्हणून घरातला डबा उघडला. पिठात चिठ्ठी, गिरणीत गिऱ्हाइकाच्या डब्यात नावाची टाकतात तशी. अक्षर मलप्पाचं. ‘तारामतीबाई, गिरणीवाल्या.’
झाकण लावलं.
भागवतला फोन केला, अर्धी पुली मिळेल का. तो म्हणाला, तारामतीमावशींनी परवाच आणून ठेवलीय सर. तुम्ही घरी नसाल त्या दिवशी बसव म्हणल्या. पण तुम्ही तिथून उठूनच न्हाई राहिले.

दुपारी
तारामतीला सांगितलं, उद्या लातूरला जायचंय, संध्याकाळ होईल. तिनं माझ्याकडं बघितलं. सोबत भाकरी बांधून देऊ का, विचारलं. दे म्हणालो.
लातूरला काम काही नाही.