बनू हलली

तालुका वाळवे,
१८ जानेवारी १९४५

तीर्थरूप हंबीरराव दादांच्या चरणी धाकट्या आकारामचा दंडवत. (मागच्या पत्रातले मुलखाचे नाव सरकारने कात्रीने कापून घेतल्यामुळे दंडवत अंदाजाने पश्चिमेकडे तोंड करून घातला आहे. चुकला असल्यास तिकडे वळवून घ्यावा.) इकडे सर्व खुशाल. आईचा गुडघा दुखतो, पण उसाच्या लागणीच्या दिवशीच. तुम्हाला भाकरी मिळते की अजून ते डब्यातलेच, हे सविस्तर लिहावे.

मुख्य विषय कॅमेऱ्याचा. तुमच्या पलटणीतला अर्जुना रजेवर आला तेव्हा कॅमेरा आणि फिल्मची दोन रिळे देऊन गेला. तुम्ही गेलात तेव्हा बनू पोटात होती, आता ती दोन वर्षांची झाली, तरी बापाने तिचे तोंड पाहिलेले नाही, तेव्हा फोटो लवकर धाडावा, हा तुमचा निरोपही पोचला. अर्जुनाने इस्लामपूरच्या मोटारीला हात दाखवता दाखवता मला सगळे शिकवले: उजेड आत येतो ते भोक लहानमोठे करायचे, आणि त्यावरचा पडदा किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायचे. गोष्टी दोनच. पण दादा, बावीसचे भोक बारीक आणि साडेचारचे मोठे, हे तिसरीच्या वर्गाला अंकगणित शिकवणाऱ्या मास्तराने कसे मानावे? मला वाटले, अर्जुना घाईत उलटे बोलला. मी भर दुपारी, बारीक भोक म्हणून, काटा साडेचारवर ठेवून आठही फोटो काढले. फोटोवाल्याने फिल्म धुऊन दाखवली, ती तव्याच्या बुडासारखी काळी. मी म्हणालो, उजेड कमी पडला वाटते. तो म्हणाला, मास्तर, उजेड जास्त झाला की ती काळी होते. (या धंद्यात सगळेच उलटे आहे.)

दुसऱ्या रिळाला मी भोक पार बारीक केले आणि भरपाई म्हणून पडदा सावकाश ठेवला. सेकंदाचा दहावा हिस्सा. तुम्हाआम्हाला तो जाणवतही नाही. बनू तेवढ्यात अर्धे अंगण ओलांडते. वहिनी रोज तिला न्हाऊ घालून, तेल लावून, भांग पाडून बसवायच्या, आणि मी "हलू नको" म्हणेपर्यंत ती उठलेली असायची. एका फोटोत तिला चार हात आहेत, एकात नुसते झबले आहे, डोके नाही. मागे बांधलेली म्हैस मात्र स्वच्छ आली आहे. तिचे कोणी लढाईवर नाही, त्यामुळे ती निवांत उभी राहते. बिघडलेले सात फोटो मी फेकणार होतो, ते वहिनींनी काढून घेतले. बिनडोक्याचाही.

आठवा मात्र निघाला. सोबत पाठवतो. हनुवटीची खळी बघावी. आई म्हणते तुमचीच आहे. यावरून कॅमेरा मला जमला असे समजायला हरकत नसावी. विहिरीवरच्या तुमच्या आंब्याला मोहोर लागला आहे.

तुमचा धाकटा,
आकाराम

ता. क. आठवा फोटो वहिनींनी काढला. पत्र वाचून दाखवले तेव्हा त्यांनी तो फोटो उचलून माझ्यापुढे ठेवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. सातव्यांदा पोर हलली तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, ती थांबायची न्हाई. तुमी पडदा पळवा, आन् उजेड कमी पडंल तेवढं भोक मोठं करा." हे शास्त्र इतके सोपे नाही, असे मी समजावतोय तोवर त्यांनी कॅमेरा घेतला, पडदा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर आणि भोक आठावर आणले, आणि बनूला हाक मारली. फोटोत ती हसते आहे ती त्यांच्याकडे बघून.

आणखी ता. क. खरे काम राहिलेच. तुमचा एक फोटो पाठवावा. डोक्यावर टोपी नको, तोंडावर ऊन हवे. घरात तुमचा एकही फोटो नाही, आणि बनू खाकी कपडे दिसले की "आबा" म्हणून धावते. पोस्टमन झाला, मोटारीचा ड्रायव्हर झाला. परवा फौजदारांच्या पायाला मिठी मारली, ते बिचारे घोड्यावर चढायचे थांबले. वहिनी तिला सोडवून आणतात आणि दर वेळी सांगतात, "ह्यो न्हवं गं."

मग ती विचारते, "मग कंचा?"