दोन जागा, तीन खेळाडू

मी, व्हर्ना टेरेसा कोस्टेलनिक, वय एकाहत्तर, राहणार वेल्डन फोर्ज, पेनसिल्वेनिया, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. भूल उद्या सकाळी सहाला देणार आहेत. त्याआधी, कोणीही भरीस घातलेले नसताना, माझ्यामागे कोणते कोणाकडे जावे ते ठरवून ठेवते. २००९ सालचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे स्टॅनला, माझ्या नवऱ्याला, दिले होते. तो माझ्याआधी गेला.

१. कॅनल स्ट्रीटवरचे घर मुलगी रोझान हिला. तिने ते विकावे. तळघरातला पंप दर मार्चमध्ये बंद पडतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. बँकेतली बचत रोझानला, पुढे पाचव्या कलमात लिहिलेला खर्च वजा करून.

३. वेल्डन फोर्ज अ‍ॅन्व्हिल्स या बेसबॉल क्लबमधला माझा साठ टक्के हिस्सा रोझानला. काल ती म्हणाली, "आई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मिल्टकाकांना देऊन टाक ना."

मी म्हटले, "मिल्टना सगळं कळतं. म्हणूनच तुला देते."

मिल्टन झॅब्रिस्की हे माझे भागीदार. उरलेले चाळीस टक्के त्यांचे. क्लबच्या नियमात असे आहे की अध्यक्ष शुद्धीवर नसेल तर सही भागीदाराने करायची. उद्या दुपारी मी मेलेली नसेन आणि जागीही नसेन, अशी शक्यता डॉक्टर धरून आहेत. म्हणून पुढचे कलम आज लिहिणे भाग आहे. वकील म्हणाले, खेळाडूंची निवड मृत्युपत्रात बसत नाही. कागद मी वेगळे पाठवले आहेत. इथे फक्त ते तसे का पाठवले हे लिहिते.

४. आमच्या लीगमध्ये मुरलेले खेळाडू मोजकेच ठेवता येतात. जायबंदी असला तरी तो जागा अडवतोच. यंदा आमच्या दोन जागा रिकाम्या आहेत आणि करार संपलेले तिघे आहेत. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत ज्याचा कागद लीगच्या कचेरीत पोचणार नाही तो मोकळा. त्याला कोणीही उचलावे.

तिघे असे. ट्रे हॉलिस्टर, फलंदाज, एकतीस होमरन. लोक त्याच्यासाठी तिकीट काढतात, आणि तो हे रोज आरशाला सांगत असावा. कोडी ब्रँडवोल्ड, डावखुरा पिचर, एकोणतीस वर्षांचा, यंदा तेरा सामने जिंकलेला. एलिसेओ केसादा, कॅचर, पस्तीस वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले, फलंदाजी दोनशे अकरा. म्हणजे पाचात एकदा जेमतेम चेंडू लागतो.

रोझान, हे तुझ्यासाठी लिहिते. चेंडू पिचर टाकतो. कोणता टाकायचा ते कॅचर गुडघ्यांवर बसून बोटांच्या खुणेने मागतो. लोक पिचरला बघतात.

२००४ साली आमच्याकडे रे टली नावाचा कॅचर होता. त्याचीही फलंदाजी अशीच. मिल्ट म्हणाले, "अगं, याचं काय लोणचं घालायचंय?" मी टलीला सोडले. पुढच्या मोसमात आमचे चार पिचर एकामागून एक कोसळले. तेच हात, तेच चेंडू, मागणारा तेवढा नव्हता. स्टॅन तेव्हा संघाचा मॅनेजर होता. ऑगस्टमध्ये त्याने जागा सोडली. घरी त्याने मला एक शब्द सुनावला नाही. त्यानंतर तो मैदानात पुन्हा आला नाही, आणि मी मिल्टच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवला नाही.

म्हणून आज सकाळी अकराला मी एलिसेओ आणि कोडी यांच्या कागदांवर सह्या केल्या. मिल्टना हॉलिस्टर हवा होता, हेही एक कारण होतेच.

एक वाजता एलिसेओ आला. अ‍ॅलनटाउनहून गाडी चालवत. त्याच्या बायकोने तळून दिलेल्या पास्तेलितोंचा डबा नर्सने दारातच काढून घेतला.

"दोन्या व्हर्ना, इथे तर उपाशी मारतात," तो म्हणाला. दोन्या म्हणजे त्याच्या स्पॅनिशमध्ये बाईसाहेब. मग म्हणाला, "मला ठेवलंत?"

"ठेवलं. ही सही."

"दुसरा कोण?"

"कोडी."

तो बसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

"मग माझा कागद फाडा."

"का? गुडघे?"

"गुडघे कधीच गेले, त्यांचं काय घेऊन बसलात. पण त्याला आणखी एक वर्ष मी झाकू शकणार नाही. ऑगस्टपासून मी त्याच्याकडे जोराचा चेंडू मागितलेला नाही. हळू, मग आणखी हळू, मग बाहेरचा. समोरचे घाई करत गेले आणि बाद होत गेले. कोपर संपलंय त्याचं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत तर तोंडावर खोटं बोललो असतो. कोडीच्या बायकोला दुसरं मूल होणार आहे."

तो गेल्यावर मी पिशवीतून वही काढली. प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू मी पेन्सिलीने लिहिते. जोराच्या चेंडूला टिंब. ऑगस्टनंतरच्या कोडीच्या पानांवर टिंबे जवळजवळ नव्हती. तेरा विजय मी मोजले होते. माझ्याच हाताने न दिलेली टिंबे मोजली नव्हती. टलीच्या वेळी कॅचरचे काम मला दिसले नाही म्हणून कॅचर गेला. या वेळी ते मी पिचरच्या नावावर लिहिले.

सप्टेंबरात मिल्टनी रडार गनवरचा आकडा माझ्यासमोर धरला होता. "व्हर्ना, याचा वेग उतरलाय." मी म्हटले, "आता तो डोक्याने टाकतो. तुम्हीही करून बघा." मी ऐकले नाही, कारण सांगणारे मिल्ट होते.

कोडीचा कागद मी फाडला. एलिसेओ आणि हॉलिस्टर यांचे कागद तीन वाजून चाळीस मिनिटांनी इथल्या फॅक्सवरून गेले. पोच आली आहे. मिल्टना आपण जिंकलो असे वाटेल. वाटू द्यावे.

५. माझी रीत अशी की ठेवलेल्यांना कागद टपालाने जातो आणि सोडलेल्यांना मी स्वतः फोन करते. लीगमध्ये हे सर्वांना माहीत आहे. चार वाजता कोडीला फोन केला.

माझे नाव ऐकून तो म्हणाला, "उद्या तुमचं ऑपरेशन, आणि आज मला फोन. म्हणजे गेलो मी."

"गेलास."

"तेरा सामने जिंकलो, मिसेस के."

"काय करतोयस आत्ता?"

"कॉफी पितोय. का?"

"कप कुठल्या हातात आहे?"

त्याच्या घरात टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बंद केला.

"उजव्या," तो म्हणाला. आणि मग, "एलिसेओ बोलला?"

"हो."

"हलकट." मग म्हणाला, "दोन महिने त्याने मला... जाऊ दे."

मी त्याला सांगितले ते इथे कलम म्हणून लिहिते. कोडी ब्रँडवोल्ड याच्या डाव्या कोपराची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर वर्षभराचे उपचार यांचा खर्च माझ्या बचतीतून द्यावा. तो थेट सर्जनला द्यावा, त्याच्या हातात नाही. हातात दिला तर तो घरात घालील आणि एप्रिलमध्ये कुठेतरी चेंडू टाकायला उभा राहील.

६. रडार गन मिल्टना. या मोसमात ती बरोबर होती.

७. सदतीस वर्षांच्या माझ्या वह्या एलिसेओ केसादाला. गुडघ्यांनी त्याला उठू दिले नाही की त्याने शिकवायला लागावे. रोझान, त्याला पुढच्या वर्षी ठेवायचे की नाही हे त्याच्या पानावरून ठरवू नकोस. पिचरांची पाने वाच.

८. माझी अंत्यप्रार्थना सेंट कॅसिमिर चर्चमध्ये व्हावी. मैदानावर काही करू नये. नोव्हेंबरात तिथे चिखल असतो आणि गवत पुन्हा लावावे लागते.

९. मृत्युपत्र कोर्टात दाखल झाले की कोणीही मागून वाचू शकते, हे वकिलांनी मला बजावले. कोडीचे कोपर त्यात आले तर एकही क्लब त्याला दारात उभे करणार नाही. ते गाळले तर पाचव्या कलमाला अर्थ राहत नाही. म्हणून फोन ठेवण्याआधी मी त्याला विचारले.

"लिहू का?"

"तुम्ही वाचलात तर?"

"तर हा कागद परवा मी स्वतः फाडीन आणि पैसे माझ्या हाताने देईन. मग कोणाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव."

"आणि नाही वाचलात तर सगळ्यांना कळणार."

"हो."

मागे त्याची बायको काहीतरी विचारत होती. त्याने तिला थांब म्हटले.

"लिहा," तो म्हणाला. "पण मरू नका, मिसेस के. आता मला ते परवडायचं नाही."

त्याच्या संमतीने लिहिले आहे. वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून पाहिले. शेवटच्या पानावरची सही माझीच असून ती खालील दोघांच्या देखत केली आहे. त्यांनी सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

(सही) व्हर्ना टी. कोस्टेलनिक

साक्षीदार:
(सही) इमोजीन टार्व्हर, परिचारिका, तिसरा मजला
(सही) लॉर्न हडाक, शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे पती

वेल्डन फोर्ज, पेनसिल्वेनिया
बुधवार, १४ नोव्हेंबर २०१८, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे