पिवळ्या कडेची पोळी

पोळी उलटली तेव्हा तिच्या कडेला बोटांचे पिवळे ठसे दिसले, आई, आणि ती तव्यावरून उतरवायचं मी विसरले. उद्याच्या प्रभुभोजनाची पोळी. तुझ्या रीतीप्रमाणे बिनमिठाची, बाकीचा स्वयंपाक आटोपल्यावर वेगळी केलेली. कणीक मी मळली नव्हती. मळणारी माझ्यामागे पाटावर बसून हात पुसत होती.

गावात आपली ख्रिस्ती घरं मोजकीच. या पोळीची पाळी घरोघरच्या बायकांत फिरायची आणि ती ठरवायचीस तू. शेजारची मावशी सासर सोडून माहेरी आली, तेव्हा तू तिची पाळी काढून घेतलीस. ‘नवरा टाकून आलेल्या बाईच्या हातची पोळी देवापुढं कशी ठेवायची?’ असं चारचौघींत म्हणालीस. पुढे एकदा नळावर तिची बाही वर सरकली आणि तिच्या दंडावरचे चटक्यांचे डाग तुला दिसले. घरी येऊन तू चुलीपुढे गुडघे टेकलेस. चर्चच्या पाळकांना सांगितलंस, तर ते म्हणाले, देवानं तुम्हाला क्षमा केली आहे. तू म्हणालीस, ‘त्याचं बराबर हाय. पण अन्याय तिच्यावर झालाय. तिला न इचारता मी कशी मोकळी होऊ?’

मग पिठाचा डबा माझ्या हातात देऊन तू तिच्या अंगणात गेलीस. ती वाळलेली हळकुंडं निवडत होती. ‘माझं चुकलं बाई, माफ कर. या रविवारची पोळी तू कर.’ तिनं मान वर केली नाही. ‘काहून? आता चालतात व्हय माझे हात? हळदीनं पिवळे झालेत. तुमच्या देवाची पोळी पिवळी व्हईल.’ परत येताना मी तिला नावं ठेवायला लागले तर तू मलाच दटावलंस. ‘तिला राग धरू दे. तो हक्क हाय तिचा.’ त्यानंतर प्रभुभोजनात पोळीचं ताट तुझ्यापुढे यायचं आणि तू ते न घेता पुढे द्यायचीस. दर उन्हाळ्यात लोणच्याची पहिली बरणी मात्र तिच्याकडे जायची. ती बरणी रिकामी करून, लख्ख घासून परत पाठवायची. बोलायची नाही. तू गेलीस तेव्हाही ते तसंच राहिलं.

पाळ्या आता मी ठरवते. गेल्या महिन्यात मावशीची नात सासर सोडून आली. बायका कुजबुजायला लागल्या. मी पुढची पाळी त्या पोरीला दिली. मला फार विचार करावा लागला नाही. आज संध्याकाळी ती पोरगी येईल म्हणून वाट पाहत होते, तर दारात मावशी उभी.

‘पोरीची पाळी मी करते. पीठ कुठाय?’

‘मावशी, हात पिवळे आहेत तुझे.’

‘तुझी माय बी हेच म्हणली असती. धुतलेत. जात न्हाई.’

ती परातीपुढे बसली. मळता मळता म्हणाली, ‘लई ताठ बाई. मी दर रविवारी वाट पाहायची, की आता खाईल, मंग आता खाईल. खाल्लं की मला म्हणता आलं असतं, बघा, सारं तोंडदेखलं होतं. खाल्लंच न्हाई तिनं.’ तिनं गोळा उलटून पुन्हा दाबला. ‘मेल्यावर का व्हईना, तुझ्या हातून शहाणी झाली तुझी माय.’

मी हसले. तीही हसली, आणि पदरानं डोळे पुसताना गालाला पीठ लागलं. तिनं तुला माफ केलं का, हे मी तिला विचारलं नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार? पिठाच्या डब्याखाली ठेवते आहे. तुला एक सांगायचं राहिलं होतं. तू प्रभूच्या पोळीविना उपाशी गेलीस म्हणून इतकी वर्षं मी तिच्यावर राग धरून होते. तो माझा हक्क नव्हता.

रविवार दुपार. डब्याखालचा कागद पुन्हा काढला आहे. सकाळी पाळकांनी पोळी मोडली. ताट मावशीपुढे आलं तेव्हा तिनं दोन तुकडे उचलले. एक खाल्ला. दुसरा मुठीत धरून बसली, आणि शेवटचं गीत सुरू झाल्यावर तोही खाल्ला.